दाते मोजा, स्प्रिंगा नकोत

पाऊस ओसरला की सायकलीच्या या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. जून ते सप्टेंबर सगळी पत्रं गंजाची; ऑक्टोबर लागला की नव्या सायकलीची. यंदा 'माउंटन बाईक'वाल्यांचीच गर्दी आहे, म्हणून बाकीच्यांना पुढच्या अंकापर्यंत थांबवून हा अंक त्यांच्या स्वाधीन करते.

प्रश्न : बाई, मी तुमचा विद्यार्थी नव्हे, पण माझी धाकटी बहीण तुमच्याकडे गणित शिकली आणि तुमच्या खडूच्या नेमाची आठवण अजून काढते. माझं वय ४३, उंची ५ फूट ६ इंच, वजन ८४ किलो. पणजीत बसून काम. साखर काठावर आहे, चालायला लागा म्हणून डॉक्टरांनी सांगितलं; चालायचा मला कंटाळा, म्हणून सायकल. रविवारी सकाळी दोनेक तास, मधल्या वारी जमलं तर अर्धा तास. गावातले रस्ते, कुळागरांतल्या (पोफळीच्या बागांतल्या) वाटा, कधीतरी दिवाडी बेट. शर्यतबिर्यत काही नाही. बजेट १५ हजार. एका दुकानदाराने १३ हजारांची सायकल दाखवली : पुढे-मागे शॉकअप, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक, २१ गियर. म्हणाला, "साहेब, फुल ऑप्शन आहे." त्याच भावात दुसरी एक होती, मागे शॉकअप नसलेली, ब्रेक साधे, दिसायलाही साधीच. मुलगा म्हणतो पहिली घ्या. काय करू? — वि. गा., माशेल

उत्तर : मुलाचं ऐकू नका. सायकल तुम्ही चालवणार आहात, तो फोटो काढणार आहे.

मी हे इतकं ठासून सांगते, कारण २००८ साली गणेशचवथीच्या आधी मी स्वतः तीच चूक केली. माझ्या बाबांचं फोंड्याला वरच्या बाजारात भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. पंक्चर काढायला मी बाराखडीच्या आधी शिकले. आणि तरीही एका दुकानातल्या लाल रंगाला आणि सीटखालच्या पिवळ्या स्प्रिंगेला भुलले. पहिल्याच सकाळी फर्मागुढीच्या चढणीवर कळलं. पॅडलवर दाब दिला की आधी स्प्रिंग खाली बसायची, मग ती वर यायची आणि उरलंसुरलं चाकाला मिळायचं. आपण चढतोय की पाटावर बसून उड्या मारतोय, कळेना. दुसऱ्या पावसाळ्यात मागच्या सांध्यातली बुशं झिजली आणि सायकल 'कुईं-कुईं' करू लागली. कवळ्याच्या वाटेवर एक तांबडा कुत्रा होता, तो मी वळणावर दिसायच्या आधीच उठून उभा राहायचा. शेवटी एका लेथवाल्याकडून स्प्रिंगेच्या मापाचा लोखंडी तुकडा कापून घेतला, दोन्ही टोकांना भोकं पाडली आणि स्प्रिंग काढून तिच्या जागी तो बसवला. मजुरी ८० रुपये. त्या दिवसापासून ती सायकल पुढे जायला लागली.

दोष स्प्रिंगेच्या कल्पनेत नाही. चांगल्या शॉकअपात स्प्रिंगेबरोबर तेल किंवा हवा अशी काही सोय असते, जी उसळी जिरवते. तसा मागचा एक शॉकअपच तुमच्या अख्ख्या बजेटाइतका पडतो. १३ हजारांच्या सायकलीत मिळते ती नुसती स्प्रिंग : खाल्लेला धक्का ती तसाच परत करते. शिवाय लोखंडी फ्रेम, दोन शॉकअप आणि सांधे धरून अशी सायकल १८ किलोंच्या आसपास जाते. मागे शॉकअप नसलेली ॲल्युमिनियमची १४-१५ किलोंत बसते. दुकानात वजनकाटा नसेल तर घरचा घेऊन जा. आधी एकटे उभे राहा, मग सायकल उचलून. वजाबाकी तुमची बहीण करून देईल.

पुढच्या शॉकअपाचं काय, असं तुम्ही विचारणार. या किमतीत तोही फारसा कामाचा नाही, पण निदान फार नडत नाही. चढणीवर त्याला कुलूप घालायची चावी वर असेल तर उत्तम. पुढचं चाक धरणारा चिमटा सरळ, बिनस्प्रिंगेचा मिळाला तर मी तोच घेईन, कारण ते दोन-अडीच किलो लोखंड मला फर्मागुढीपर्यंत वाहून न्यायचं नाही. गंमत अशी की माउंटन बाईक जन्मली तेव्हा तिला स्प्रिंग नव्हतीच. कॅलिफोर्नियात टॅमलपायस नावाच्या डोंगराच्या आसपासची काही पोरं जाड टायरांच्या जुन्यापुराण्या सायकली घेऊन मातीच्या उतारावरून सुटायची. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी पहिली शर्यत लावली. मागच्या हबात, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, पायाने लावायचा ब्रेक. एका उतारात तो इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि खाली पोचल्यावर हब खोलून ग्रीस नव्याने भरावं लागायचं. म्हणून त्या उताराचं नावच 'रिपॅक' पडलं. बाबा दर पावसाळ्याआधी दुकानातल्या सगळ्या सायकलींचे हब खोलून हेच करायचे. त्यांनी त्याला नाव दिलं नाही एवढंच. पुढे १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची स्टम्पजंपर आली, पहिली मोठ्या प्रमाणावर विकली गेलेली माउंटन बाईक. तिचाही चिमटा सरळच होता. धक्का खायचं काम दोन इंची टायर करतात, त्यांत हवा बेतानं भरली तर. तुमच्या वजनाला मागे ४० ते ४५ पीएसआय (हे हवेच्या दाबाचं माप, पंपाच्या काट्यावर असतं), पुढे चार-पाच कमी. टायरच्या कुशीवर किमान-कमाल आकडे छापलेले असतात, त्यांच्या आत राहा.

आता खरी मेख. माशेलहून सावईवेऱ्याकडे जा, केरीकडे जा, नाहीतर फोंड्याला या, चढण चुकत नाही. आपल्याकडे सपाटी म्हणजे खाजनाचे (खाडीकाठच्या शेतांचे) बांध आणि नदीकाठ, बाकी सगळं वरखाली. ४३ वर्षांच्या, ८४ किलोंच्या माणसाची सायकल चवथीनंतर पडवीत कपडे वाळत घालायच्या कामी येते ती एकाच कारणाने : तिला पुरेसा हलका गियर नसतो. म्हणून दुकानात जाताना खिशात खडू ठेवा. पुढच्या सगळ्यांत लहान चकतीच्या एका दात्यावर खूण करा आणि दाते मोजा. मग मागच्या सगळ्यांत मोठ्या चकतीचे मोजा. दुकानदार बघत राहील, राहू दे.

समजा पुढे २४ आणि मागे २८ निघाले. २४ भागिले २८ म्हणजे ०.८६. साडेसत्तावीस इंची चाकाचा जाड टायरासकट घेर साधारण २.१७ मीटर. म्हणजे पॅडलच्या एका फेऱ्यात तुम्ही १.८६ मीटर पुढे जाल. मागे ३४ दाते असले तर दीड मीटर. आपल्या जुन्या काळ्या सायकलीला, पुढे ४४ मागे १८ धरले तर, तोच आकडा साडेपाच मीटरच्या घरात जातो. म्हणून आमचे काका लोक चढण आली की उतरून हातात धरून चालायचे आणि त्यात कुणाला काही कमीपणा वाटत नसे. तुमच्यासाठी दोन मीटरच्या आतला कुठलाही आकडा चालेल. हल्ली पुढे एकच चकती असलेल्या ७ गियरच्या सायकली आल्यात. दिसायला सुटसुटीत, गियर पडायलाही कमी तक्रारीच्या. पण पुढे ३६ आणि मागे २८ असेल तर आकडा २.८ होतो. ती दिवाडीच्या शेतांतून सुरेख चालेल आणि पिएदादच्या चर्चच्या टेकडीखाली तुम्हाला उतरवेल.

आणि '२१ गियर' या शब्दाचा दरारा बाळगू नका. तो गुणाकार आहे : पुढे ३, मागे ७. स्वस्त सायकलींवर हमखास दिसणारा संच घ्या, पुढे ४२-३४-२४, मागे १४-१६-१८-२०-२२-२४-२८. आता भागाकार करा. ४२ ला २८ ने भागा : १.५. २४ ला १६ ने भागा : पुन्हा १.५. ३४ ला २२ ने : १.५५. एकाच गियरचे तीन वेळा पैसे! अशी जवळजवळ सारखी उत्तरं गाळली की २१ तले जेमतेम चौदा उरतात. वर्गात हे गणित मांडलं असतं तर अपूर्णांक कुणालाच जड गेले नसते, पण ते मला निवृत्तीनंतर सुचलं.

माप. दुकानदार 'साडेसत्तावीसची सायकल' म्हणतो ते चाकाचं माप. तुम्हाला हवं ते फ्रेमचं. घरी अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा, जाडसं पुठ्ठ्याचं पुस्तक दोन्ही पायांच्या मध्ये वर, सीटसारखं घट्ट धरा आणि भिंतीवर पेन्सिलीने खूण करा. जमिनीपासून खुणेपर्यंतचे सेंटिमीटर गुणिले ०.२२५, की फ्रेमचे इंच आले. तुमच्या उंचीला ते ७७ च्या आसपास निघावेत, म्हणजे १७ इंची फ्रेम. प्रत्यक्षात सायकलीवर दोन्ही पाय टेकून उभे राहिलात की आडव्या नळीवर निदान दोन इंच मोकळे हवेत. ते का, हे पुरुषांना सांगायची गरज नाही. चाक २६ की साडेसत्तावीस की २९, यावर रात्र जागवू नका. फक्त टायरवर ५५९, ५८४ किंवा ६२२ असा तीन आकडी नंबर असतो तो लिहून ठेवा. ट्यूब आणायला गेलात की इंचांचा घोळ होतो, त्या नंबराचा होत नाही.

ब्रेकबद्दल आमच्या घरातच दोन तट आहेत. या किमतीतली डिस्क म्हणजे तारेने ओढली जाणारी डिस्क, तेलाच्या दाबावरची नव्हे. पावसात ती सरस, हे मान्य : आपला तांबडा चिखल रिमेवर बसला की साध्या, रिमेवर रबर दाबणाऱ्या व्ही-ब्रेकच्या रबरात जांभ्याची कच रुतते आणि ती कानशीसारखी रिम खात राहते. तरीही तुम्हाला मी व्ही-ब्रेकच सांगेन. स्वस्त डिस्क घासत राहते, सारखी जुळवावी लागते. चेनला तेल घालताना तिच्यावर एक थेंब उडाला की ब्रेक नुसता ओरडतो, धरत नाही. व्ही-ब्रेकचा रबर फोंड्यापासून केप्यापर्यंत कुठल्याही टपरीवर मिळतो आणि तो तुम्ही स्वतः बदलू शकता. आमचे हे डिस्कवाले आहेत. त्यांची सायकल दर महिन्याला मी जुळवते.

सगळे १५ हजार सायकलीत घालू नका. १२ पर्यंत थांबा. उरलेल्यांत हेल्मेट, काटा असलेला हातपंप, कुलूप, मागचा तांबडा दिवा. (२२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय. जुन्या छापील किमतीचं लेबल दाखवलं तर तेवढं विचारा.) आणि सायकल खोक्यातून काढून जोडताना शक्यतो समोर थांबा. डाव्या पॅडलचा आटा उलटा असतो, पुढच्या चाकाच्या बाजूला फिरवला की बसतो. घाईतला पोरगा तो उजव्यासारखा जोर लावून पिळतो, क्रँकचे (पॅडलच्या दांड्याचे) आटे जातात आणि महिन्याभराने पॅडल नदीकाठी तुमच्या बुटासकट बाजूला येतं. पुढचा चिमटा उलटा बसवलेल्या नव्या सायकलीही मी पाहिल्यात, मालक मजेत चालवत होते.

तर 'साधी दिसणारी' ती दुसरी, दाते मोजून, फ्रेम मापून. एक विनंती करते. महिनाभराने पाय तयार झाले की जुन्या गोव्याहून फेरीबोटीने दिवाडीत उतरा, बेट ओलांडून पलीकडच्या फेरीने नार्व्याला जा. तिथल्या सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ दिवाडीतच होतं. नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये केला. देवळापर्यंत पोचलात की साखरेचं काय ते डॉक्टरांना सांगा.

प्रश्न : मुलगा १३ वर्षांचा. त्याला 'फॅट बाईक' हवी आहे, चार इंच रुंद टायरवाली. म्हणतो कोलव्याच्या वाळूत फक्त तीच चालते. आणि आता घेतोच आहोत तर दोन वर्षं पुरेल अशी मोठी घ्यावी का? — एक आई, मडगाव

उत्तर : ओहोटीला कोलवा ते बाणावली पाण्याच्या कडेची वाळू इतकी कडक असते की तिच्यावर पोदेराची (पाववाल्याची) सायकलही चालते. वरच्या भुसभुशीत वाळूत फॅट बाईक तरते हे खरं, पण तिथे पोरगं दहा मिनिटं खेळेल आणि उरलेले दिवस १८-२० किलोंचं धूड डांबरावरून ओढेल. नको. साधी दोन इंची घ्या.

आणि वाढत्या अंगाचं माप फक्त युनिफॉर्मला. शर्ट ढगळ असला तर पोराचं हसं होतं. सायकल मोठी असली तर पाय टेकत नाही आणि ब्रेकच्या पात्यापर्यंत बोटं पोचत नाहीत. आजच्या उंचीची घ्या. दोन वर्षांनी विकता येते, मडगावात गिऱ्हाईक मिळेलच.

प्रश्न : घर समुद्रापासून शंभर पावलांवर. दोन वर्षांपूर्वी घेतलेली माउंटन बाईक अंगणात असते. चेन तांबडी झाली, चाकांच्या तारांवर पांढरी पूड, सीट वरखाली होत नाही. चेनला घरचं खोबरेल लावतो. स्टीलऐवजी ॲल्युमिनियम घेतलं असतं तर हे टळलं असतं का? — प्र. ना., हरमल

उत्तर : फ्रेम वाचली असती. चेन, तारा, नट-बोल्ट, ब्रेकच्या केबली हे सगळं तरीही लोखंडाचंच असतं, त्यामुळे खारं वारं त्यांना सोडत नाही. तुम्ही सांगितलेली पांढरी पूड म्हणजे तारांवरचा जस्ताचा मुलामा जातो आहे. त्याच्यामागून तांबडं येणार. पुढच्या वेळी चाकं बांधून घेताना स्टेनलेसच्या तारा मागा, फरक फार नाही.

खोबरेलाची कल्पना आमच्याकडेही होती, आजीची. ते पातळ, पहिल्या सरीला धुऊन जातं. २४ अंशांखाली थिजतं, म्हणजे डिसेंबरच्या पहाटे चेनवर पांढरा थर. आणि मुंग्या येतात त्या वेगळ्याच. चेनचं म्हणून मिळतं ते तेल घ्या, कड्याकड्यावर एक थेंब, पाच मिनिटं उलटं फिरवा आणि मग फडक्याने पुसून काढा. बाहेर दिसणारं तेल काही उपयोगाचं नसतं, ते फक्त वाळू गोळा करतं. फिरून आलात की गोड्या पाण्याचा तांब्या ओता, पाइपाचा जोरदार फवारा नको, तो बेरिंगमधलं ग्रीस हाकलतो. आणि अंगणातून पडवीत घ्या. एवढ्यानेच निम्मं काम होतं.

सीटचं दुखणं मात्र गंभीर आहे. ॲल्युमिनियमची नळी लोखंडी फ्रेमीत, मध्ये खारी दमट हवा : दोन्ही धातू एकमेकांना धरून बसतात. हातोडा घेऊ नका. सांध्यावर गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरू द्या आणि दुसऱ्या दिवशी सीट दोन्ही हातांनी डावी-उजवी पिळा, वर ओढू नका. निघाली की सायकल उलटी करा. फ्रेमीतून तांबडं पाणी येईल. माझ्या एका विद्यार्थिनीच्या सायकलीतून अर्धा पेला निघालं होतं, आणि एक गोगलगाय. नळीला ग्रीस लावून परत बसवा, आणि दर चार महिन्यांनी हेच.

प्रश्न : इथे भाड्याने देणारा एकजण जुन्या माउंटन बाईक काढून टाकतोय. ६ हजारांत चांगल्या ब्रँडची मिळते आहे. घ्यावी का? बघायचं काय? — रो. शि., शिवोली

उत्तर : चांगली घेतली गेलेली जुनी, वाईट नवीपेक्षा केव्हाही बरी. शाळेची फूटपट्टी घेऊन जा. चेनच्या एका पिनेवर शून्य ठेवा. चेनमध्ये दोन पिनांतलं अंतर बरोब्बर अर्धा इंच असतं, म्हणून चोविसावी पिन १२ इंचांवर यायला हवी. ती एक षोडशांश इंच पुढे गेली असेल तर चेन बदलायची. एक अष्टमांश गेली असेल तर चेनने मागचे दातेही खाल्लेत, दोन्ही बदलावे लागतील. तेवढे पैसे किमतीतून पाडून घ्या.

मग सायकल उलटी करून चाकं फिरवा. रिम डावी-उजवी नाचत असेल तर घाबरू नका, तो बाक (आऊट) काढून मिळतो. एक्सल, म्हणजे चाकाच्या मधला दांडा, वाकलेला असेल तर मात्र चाक मोकळं फिरत नाही, अडखळतं. भाड्याच्या सायकलींत हे हमखास, कारण तिच्यावर डबलसीट बसून किती गेले असतील याचा हिशेब नाही. बाबा भाड्याची सायकल परत आली की आधी मागचा एक्सल बघायचे, मग गिऱ्हाइकाचा चेहरा. हँडलाखाली जिथे दोन नळ्या मिळतात तिथला रंग नखाने तपासा. केसासारखी रेघ दिसली आणि ती रंगाखाली चालत गेलेली असली, तर सहा हजार काय, फुकटही नको.

प्रश्न : तुम्ही ब्रँडचं नाव कधीच सांगत नाही. कुणाला घाबरता? — 'एक स्पष्टवक्ता', साखळी

उत्तर : दुकानदारांना नाही, वाचकांना. हिरो, हर्क्युलस, फायरफॉक्स, रॉकरायडर, कुणाचंही नाव छापलं की लोक नाव घेऊन दुकानात जातात आणि दाते मोजत नाहीत. एकाच नावाखाली पाच हजारांचीही निघते आणि पन्नास हजारांचीही.

प्रश्न : आमच्या वाड्यावर रोज पाव घालणारे पोदेर आता साठीला आले. चढणीवर सायकल हातात धरून येतात, बघवत नाही. वाड्याने वर्गणी काढून त्यांना गियरची माउंटन बाईक द्यायचं ठरवलं आहे. १० हजार जमलेत. कुठली घ्यावी? — वाड्यावरचे सगळे, वेलिंग

उत्तर : मन मोठं आहे तुमचं, पण माउंटन बाईक नको.

त्यांची काळी सायकल नीट बघा. मागच्या चाकाला ४० तारा असतात, पुढच्याला ३२. भार मागे असतो म्हणून. माउंटन बाईकला मागे ३६ किंवा ३२. काळ्या सायकलीची बैठक लांब, मागचं कॅरिअर लोखंडी पट्टीचं, त्यावर ती पावांची टोपली वर्षानुवर्षं तशीच बसते. माउंटन बाईकवर मुळात कॅरिअर बसवायची भोकंच पुष्कळदा नसतात, असली तरी बाजारातलं कॅरिअर एवढा भार घेत नाही. वर पुढे वाकून बसायचं, म्हणजे दारोदारी उतरताना टोपलीवरून पाय कसा टाकणार? आणि पहाटेच्या काळोखात पाव-उंड्यांसकट पडले तर वाड्याला चहाबरोबर काय?

दहा हजारांतले काहीशेच खर्च करा. मागचं फ्रीव्हील बहुतेक १८ दात्यांचं असेल, मोजून घ्या. त्याच्या जागी २२ दात्यांचं बसवून द्या. वर केलेला हिशेब पुन्हा करा : एका फेऱ्यात साडेपाचऐवजी साडेचार मीटर. वेग पाचवा हिस्सा कमी होईल, पण दर दहा घरांवर थांबणाऱ्या माणसाला वेगाचं काय. चढणीवर तोच पाचवा हिस्सा गुडघ्यांना परत मिळतो. चेनला इंचभर जोड लागेल. हबात नवे छर्रे आणि ग्रीस, मागचा टायर नवा, ब्रेकची चारही रबरं नवी. वेलिंगहून म्हार्दोळला उतरायचं आहे त्यांना.

उरलेले पैसे पाकिटात घालून द्या. भोंग्याला हात लावू नका, त्याच्या नव्या रबराचा आवाज वेगळा येतो आणि लोक दार उघडत नाहीत.